संगणकातील बैलगाडी



दसरा झाला की बीड जिल्ह्यातील नांदूरघाट आणि केज तालुक्यातील आसपासच्या गावांतून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची बांधाबांध सुरू होते. पुढचे चार-पाच महिने ही माणसे दूरच्या साखर कारखान्यांच्या परिसरात राहतात. तुमच्या वर्गातलीही काही बाके त्या दिवसांत रिकामी पडत असतील. तोडलेला ऊस कारखान्यावर न्यायला ट्रक आणि ट्रॅक्टर आले, तरी बैल जुंपलेली टायरगाडी अजून गेलेली नाही.

ही गाडी भरताना गाडीवान एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहतो. ऊस पुढच्या अंगाला जास्त झाला, तर गाडी ‘धुरजड’ होते आणि जू बैलांच्या मानेवर दाबते. मागच्या अंगाला जास्त झाला, तर ती ‘उलाळ’ होते. मग जू वर उचलले जाते आणि जुपणी बैलांच्या गळ्याला काचते. धुरजड आणि उलाळ हे दोन शब्द म्हणजे तरफेचा अख्खा धडा आहे. ज्यांनी हे शब्द घडवले, त्यांनी भौतिकशास्त्राचे पुस्तक उघडलेही नसेल!

आज कारखान्यात एखादे यंत्र किंवा वाहन बनवण्यापूर्वी अभियंते ते संगणकात ‘चालवून’ पाहतात. कोणता भाग कसा हलेल, कोठे ताण येईल, काय मोडेल, हे लोखंड कापण्याआधीच अजमावतात. या कामाच्या संगणक-प्रणालींना ढोबळपणे ‘कॅड’ म्हणतात. पडद्यावरचे रंगीबेरंगी चित्र पाहिले की संगणकाला काही जादू येते असे वाटते. तशी जादू त्यात नाही. टायरगाडीचेच उदाहरण घेऊन संगणक आत काय करतो ते पाहू या.

काट्यावर न दिसणारे वजन

समजा, उसासह गाडीचे वजन २००० किलो आहे. कारखान्याच्या वजनकाट्यावर एवढाच आकडा कळतो. ते वजन गाडीत कोठे बसले आहे, हे काटा सांगत नाही. बैलांचा प्रश्न मात्र तिथेच आहे.

गाडीचा आस, म्हणजे दोन चाकांना जोडणारा लोखंडी दांडा, हा तरफेचा टेकू समजा. आसापासून जू ३ मीटर पुढे आहे आणि भरलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य आसाच्या १० सेंटिमीटर पुढे आहे असे धरू. वजनाला अंतराने गुणले की परिबल मिळते. ते २००० गुणिले ०.१, म्हणजे २०० आले. त्याला ३ ने भागा. जुवावर सुमारे ६७ किलो भार येतो, म्हणजे प्रत्येक बैलाच्या मानेवर ३३ किलोंच्या वर. गुरुत्वमध्य आणखी १० सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम वीतभराच्या निम्म्याने पुढे सरकला, की हा भार दुप्पट होतो.

आता गाडी उतारावर थांबवा आणि चाकांपुढे दगड लावा. उतार दहास एक, म्हणजे दहा मीटर चालल्यावर एक मीटर उतरणारा. ऊस उंच रचलेला असल्यामुळे गुरुत्वमध्य आसाच्या १ मीटर वर आहे असे समजू. गाडी पुढे कलली, की उंचावरचा गुरुत्वमध्यही पुढे झुकतो. या उतारावर तो आसाच्या उभ्या रेषेपासून आणखी सुमारे १० सेंटिमीटर पुढे जातो. गाडीत एक कांडेही न वाढवता जुवावरचा भार ६७ वरून १३३ किलो झाला! तेवढ्याच चढावर, चाकांमागे दगड लावून गाडी उभी केली, तर याच्या उलट घडते. गुरुत्वमध्य आसाच्या बरोबर वर येतो आणि जुवावरचा भार शून्य होतो. चढ आणखी थोडा वाढला की गाडी उलाळ झालीच. आमच्या बालाघाटच्या डोंगरात वाढलेल्या गाडीवानाला हे सांगायला कॅड लागत नाही. तो उंच गाडी घेऊन घाट उतरायला सहसा तयारच होत नाही.

आस किती जाड हवा?

आता आसाकडे वळू. प्रत्येक चाकावर १००० किलोंचा, म्हणजे सुमारे १०,००० न्यूटनचा भार आहे. चाक आसाचे टोक वर रेटते. गाडीचा साटा आसावर चाकापासून २० सेंटिमीटर आत टेकला आहे आणि तो आसाला खाली दाबतो. त्यामुळे आस किंचित वाकतो. त्याची खालची बाजू ताणली जाते, वरची दाबली जाते.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल, तर एक मोठे खोडरबर घ्या. त्याच्या कडेवर पेनाने जवळजवळ उभ्या रेघा मारा आणि ते दोन्ही हातांनी वाकवा. एका बाजूला रेघा दूर जातात, दुसऱ्या बाजूला जवळ येतात. मधोमध मात्र त्यांच्यातील अंतर बदलत नाही. पदार्थाच्या आत दर चौरस मिलिमीटरवर जे बल निर्माण होते, त्याला प्रतिबल म्हणतात. ते पृष्ठभागाशी सर्वांत जास्त आणि मध्यभागी शून्य असते.

चौरस छेदाच्या आसात सर्वांत मोठे प्रतिबल काढण्याचे सूत्र सोपे आहे. परिबलाला ६ ने गुणायचे आणि बाजूच्या घनाने भागायचे. इथे परिबल १०,००० न्यूटन गुणिले २०० मिलिमीटर, म्हणजे २० लाख आहे. आसाची बाजू ५० मिलिमीटर असेल, तर प्रतिबल दर चौरस मिलिमीटरला ९६ न्यूटन येते. साधे पोलाद साधारण २५० न्यूटनच्या आसपास कायमचे वाकू लागते. म्हणजे आपण सुरक्षित आहोत. पण लोखंड वाचवावे म्हणून कोणी ४० मिलिमीटरचा आस बसवला तर? जाडी फक्त पाचव्या हिश्शाने कमी झाली, पण प्रतिबल १८७.५ झाले, जवळजवळ दुप्पट. घनाची ही करामत गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ओळखली होती. भिंतीतून बाहेर आलेल्या तुळईची खालची बाजू दाबली जाते, हे मात्र त्याच्या हिशेबातून निसटले होते. थोरांचेही असे होते.

उभ्या गाडीत ४० मिलिमीटरचा आसही टिकेल. पण भार अलगद न ठेवता एकदम सोडला, तर क्षणभर त्याचा परिणाम दुप्पट होतो. चाक खड्ड्यात आदळले, की १८७.५ चे ३७५ झाले समजा. मग आस वाकलाच. ५० मिलिमीटरचा आस तेवढाच धक्का १९२ वर निभावून नेतो. ऐन हंगामात, रात्री, भरल्या गाडीचा आस रस्त्यात मोडला तर त्या कुटुंबाची मजुरी बुडते आणि बैलही अडकून पडतात. म्हणून १० मिलिमीटरचा हा फरक वहीतला राहत नाही.

अजून एक अडचण आहे. चौरस आसाचे टोक चाकात बसण्यासाठी कातून गोल आणि बारीक केलेले असते. जिथे चौरस संपून गोल सुरू होतो, त्या कोपऱ्यात आपले सूत्र लंगडे पडते. मघाच्या खोडरबराला ब्लेडने बारीकशी खाच पाडा आणि खाच बाहेरच्या बाजूस ठेवून पुन्हा वाकवा. सगळा ताण त्या खाचेच्या टोकाशी गोळा होतो आणि रबर तिथूनच फाटू लागते. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि त्या अपघातात पन्नासहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अशा अपघातांनंतर मोडलेल्या आसांचा अभ्यास सुरू झाला. जर्मन रेल्वे-अभियंता आउगुस्ट व्होलर याने आसांवर लाखो वेळा उलटसुलट भार देऊन दाखवले, की एका धक्क्याने जे प्रतिबल आसाचे काही वाकडे करत नाही, तेच पुन्हापुन्हा आले तर आस मोडू शकतो. टायरगाडी रोज २० किलोमीटर चालली आणि दर १० मीटरला एक हादरा बसला असे धरा. १५० दिवसांच्या हंगामात तीन लाख हादरे होतात.

तुकडे करण्याची युक्ती

कोपऱ्यातले प्रतिबल काढायचे कसे? इथे संगणकाची युक्ती कामाला येते. संपूर्ण आसाचे गणित अवघड आहे ना? मग त्याचे हजारो लहान तुकडे करा. प्रत्येक तुकडा एवढा लहान, की तो साध्या स्प्रिंगसारखा वागतो असे मानता यावे. स्प्रिंगला हुकचा नियम लागू पडतो: जेवढे बल, तेवढा ताण. शेजारचे तुकडे जिथे जोडले जातात, त्या बिंदूवरची सर्व बले एकमेकांना तोलतात. बस्स, एवढेच दोन नियम.

दोन तुकड्यांचे उदाहरण तुम्हीच सोडवा. छताला एक स्प्रिंग टांगली आहे. ती १ मिलिमीटर ताणायला २०० न्यूटन लागतात. तिच्या खाली दुसरी, १०० न्यूटनवाली स्प्रिंग अडकवली आहे. सर्वांत खाली १००० न्यूटनचा भार आहे. वरचा जोड क्ष एवढा आणि खालचे टोक य एवढे खाली आले असे माना. खालच्या टोकाशी १०० (य − क्ष) = १००० हे समीकरण मिळते. मधल्या जोडाशी २०० क्ष = १०० (य − क्ष) हे दुसरे. दोन एकसामयिक समीकरणे, दोन अव्यक्ते. क्ष ५ मिलिमीटर आणि य १५ मिलिमीटर.

संगणक हेच करतो. आसाचे तुकडे करताना १०,००० जोडबिंदू पडले, तर प्रत्येक बिंदू तीन दिशांना सरकू शकतो, म्हणून त्याच्यापुढे ३०,००० समीकरणे येतात. ती सोडवण्याचा त्याला कंटाळा येत नाही, हाच त्याचा मोठा गुण. या रीतीला ‘सांत घटक पद्धती’ म्हणता येईल. सांत म्हणजे अनंताच्या उलट, मोजता येणारे. टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप या चौघांनी १९५६ साली विमानाच्या पंखांसारख्या रचनांचे त्रिकोणी तुकडे पाडून हा हिशेब मांडला, आणि पद्धतीचे इंग्रजी नाव क्लफ यांनी १९६० साली दिले.

काळाचेही तुकडे

भार बदलत नसेल, तर एवढ्यावर भागते. पण चालत्या गाडीत उतारावर बैल अंग मागे टाकून गाडी रेटून धरतात, एक चाक दगडावर चढते, साटा डुलतो. दर क्षणाला बले बदलतात. त्यासाठी संगणक काळाचेही तुकडे करतो. या क्षणी बल किती, त्यावरून त्वरण किती, त्वरणावरून पुढच्या क्षणीचा वेग, वेगावरून पुढच्या क्षणीची जागा. तिथे पोचला, की पुन्हा पहिल्यापासून.

ही रीत वहीत करून पाहता येते. चेंडू उंचावरून सोडा. त्वरण १० धरा. एका सेकंदात तो ५ मीटर पडतो, हे सूत्राने तुम्हांला ठाऊक आहे. आता सेकंदाचे दहा तुकडे करा. प्रत्येक तुकड्याच्या शेवटचा वेग काढा आणि त्या संपूर्ण तुकड्यात तोच वेग होता असे मानून अंतरे मिळवा. बेरीज ५.५ मीटर येते. चुकलीच! सेकंदाचे शंभर तुकडे केले, तर ५.०५ येते, हजार केले तर ५.००५. खऱ्या संगणक-प्रणाली याहून हुशार रीती वापरतात, पण तुकडा मोठा तर चूक मोठी, हे त्यांनाही चुकलेले नाही.

गतीच्या हिशेबात सहसा आस, साटा, धुरा हे भाग न वाकणारे मानतात आणि ते एकमेकांना कसे जोडले आहेत तेवढे सांगतात. चाक आसाभोवती फिरते, जू धुऱ्याला बांधलेले आहे, वगैरे. हिशेबातून प्रत्येक जोडावर क्षणोक्षणी किती बल येते ते कळते. त्यांतले सर्वांत मोठे बल उचलून मग ते तुकड्यांच्या हिशेबात आसावर लावायचे. आपण वर ‘धक्क्याला दुप्पट’ असे ठोकून दिले होते. त्या जागी आता खड्ड्याची खोली, गाडीचा वेग आणि टायरची लवचीकता यांवरून काढलेला आकडा येतो.

तिसरे चाक

सांगली जिल्ह्यातील राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी २०२२ साली ‘सारथी’ नावाची एक रचना केली. ऊस वाहणाऱ्या बैलगाडीला, दोन बैलांच्या मध्ये, एक लहान तिसरे चाक लावायचे. जुवावरचा भार त्या चाकाने उचलायचा. बैलगाडी सुधारण्याचा ध्यास जुनाच आहे. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी १९७०-८० च्या सुमारास बैलांच्या हालांकडे देशाचे लक्ष वेधले होते. सारथीची कल्पना एवढी साधी आहे, की हे आधी कसे सुचले नाही असे वाटावे.

पण भौतिकशास्त्राच्या दृष्टीने या चाकाने एक गंमत केली. पूर्वी गाडीला दोन आधार होते, आस आणि जू. तरफेच्या नियमाने भाराची वाटणी एका ओळीत झाली. आता आधार तीन झाले. तीन अव्यक्ते, आणि तरफेचे नियम मात्र दोनच! एका बाकावर तिघे बसले, तर बाकाच्या कोणत्या पायावर किती भार, हे पाय किती दबतात यावर ठरते, तसेच हे. इथे हुकला बोलवावेच लागते.

चाक आसाच्या २ मीटर पुढे आहे असे माना. आपले परिबल २०० हेच. धुरा किंचित खाली झुकला, तर चाकाचा टायर २ भाग दबेल आणि बैलांची मान ३ भाग दबेल, कारण अंतरे २ आणि ३ मीटर आहेत. टायर आणि मान सारख्याच ताठ असत्या, तर परिबलाच्या वाटण्या २ × २ आणि ३ × ३, म्हणजे ४ आणि ९ पडल्या असत्या. २०० पैकी तेराव्या हिश्शाने ९ भाग मानेकडे. त्याला ३ ने भागले, की मानेवर ४६ किलो. पूर्वी ६७ होते, म्हणजे आराम बेताचाच. आता टायर मानेच्या दहापट ताठ आहे असे धरा. वाटण्या ४० आणि ९ होतात आणि मानेवर फक्त १२ किलो राहतात. चाक लावले की काम झाले असे नसून, ते किती ताठ आहे यावर बैलाचे सुख अवलंबून आहे.

शिवाय रस्ता सपाट थोडाच आहे? लहान चाक खड्ड्यावर आले आणि क्षणभर अधांतरी झाले, तर सगळे ६७ किलो पुन्हा मानेवर. ते दगडावर चढले, तर धुराच वर उचलला जाईल. म्हणून ही गाडी कागदावर उभी करून भागत नाही, ती चालवून पाहावी लागते, संगणकात आणि मग शेवटी रस्त्यावर.

रंगीत चित्राची भूल

एका विज्ञान-प्रदर्शनात मी परीक्षक होतो. तिथे काही मुलांनी गाडीच्या आसाचे सुंदर संगणक-चित्र लावले होते. कमी ताण तिथे निळा, जास्त ताण तिथे तांबडा. आस जवळजवळ सगळा निळा होता. “सर, आमचा आस मोडणारच नाही,” मुले म्हणाली. मी विचारले, “आस कोठे धरला आहे?” त्यांनी आसाची खालची संपूर्ण बाजू जमिनीला चिकटवली होती! खाली सबंध लांबीभर आधार असलेला दांडा वाकेल कसा? संगणकाने विचारलेल्या प्रश्नाचे अचूक उत्तर दिले होते. प्रश्न मात्र बैलगाडीचा नव्हता. मला त्या मुलांचा राग आला नाही. पण वहीवर ९६ हा आकडा आधी काढला असता, तर निळे चित्र पाहून ती स्वतःच थबकली असती.

दुसरी भूल कोपऱ्याची. चौरसातून गोलात जाणारा कोपरा चित्रात अगदी धारदार काढला, तर तिथले तुकडे जितके बारीक कराल तितके प्रतिबल वाढत जाते. २०० येते, मग ३००, मग ५००, थांबतच नाही. हा संगणकाचा बिघाड नव्हे. पूर्ण धारदार कोपऱ्यात प्रतिबल अमर्याद येते, असेच गणित सांगते. खरा कातारी कोपऱ्याला थोडी गोलाई ठेवतो. तेवढी गोलाई चित्रातही द्या, मग आकडा एका ठिकाणी स्थिरावतो. आणि हो, पडद्यावर आस धनुष्यासारखा वाकलेला दिसला तर घाबरू नका. दिसावे म्हणून ते वाकणे शेकडो पटींनी फुगवून दाखवलेले असते.

हे करून पाहायला महागडी प्रणाली लागत नाही. ‘फ्रीकॅड’ ही प्रणाली मोफत आहे. तिच्यात आसाचे चित्र काढता येते, ‘कॅल्क्युलिक्स’ या गणकाच्या साहाय्याने तुकड्यांचा हिशेब करता येतो, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या तिच्या १.० या आवृत्तीपासून भाग एकमेकांना जोडून हलवण्याची सोयही आहे. शाळेच्या संगणकावर शिक्षकांच्या मदतीने ५० मिलिमीटरचा चौरस दांडा काढा. चाकांच्या जागी टेकू द्या, आत २० सेंटिमीटरवर दोन्हीकडे १०,००० न्यूटनचा भार लावा. मधल्या भागात ९६ च्या जवळपास आकडा आला, तर तुमची मांडणी बरोबर आहे. टेकू आणि भार यांच्या अगदी जवळ आकडे विचित्र येतील, तिकडे तूर्त पाहू नका.

संगणक नसेल, तर वहीत एवढे करा. सारथीचे चाक २ मीटरऐवजी आसाच्या १ मीटर पुढे लावले आणि टायर मानेच्या दहापट ताठच ठेवला, तर मानेवर किती भार येईल? चाकावर किती? माझ्या हिशेबाने मानेवर सुमारे ३२ आणि चाकावर सुमारे १०५ किलो येतात. चाक जास्त भार उचलते, तरी बैलांना आराम कमी मिळतो. असे का, ते गाडीच्या आकृतीत अंतरे मांडून शोधा.